जुना बंगला विकताना नेमके काय विकले जाते?

१/
‘विकणे आहे : तळ्याकाठचा ऐतिहासिक बंगला, संपूर्ण जीर्णोद्धार केलेला.’ अशा धाटणीच्या जाहिराती अलीकडे वरचेवर वाचनात येतात. छायाचित्रात उंच छपराची पडवी, सागवानी खांब, आरामखुर्ची आणि समोर निवांत पाणी असते. किंमत ठरते ती जागेच्या क्षेत्रफळावर आणि पाण्याच्या देखाव्यावर. ‘ऐतिहासिक’ हे विशेषण त्या किमतीवर वरून चढवलेली कल्हई असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून विचारायला हवे, की या विशेषणात कोणाचा इतिहास धरला आहे आणि कोणाचा वगळला आहे? आजचा थ्रेड या प्रश्नावर आहे आणि उदाहरण आपल्या खान्देशातले आहे.

२/
माझे मत आरंभीच सांगून टाकतो. जुनी वास्तू विकूच नये, असे माझे म्हणणे नाही. वारसदारांना घर सांभाळणे परवडत नाही, छप्पर गळते, भाऊबंदकी चालू असते; अशा घराला खरेदीदार मिळाला तर अनेकदा घरच वाचते. पण दगड, लाकूड आणि सातबारा यांच्यासोबत त्या वास्तूची स्मृती विकता येत नाही, कारण ती एका मालकाची नसते. म्हणून विक्रीआधी, भाडेपट्ट्याआधी आणि दुरुस्तीआधीही त्या स्मृतीची नोंद झाली पाहिजे. आणि व्यवहार झाल्यावरही लोकांची तिथली वाट बंद होता कामा नये.

३/
आधी ‘बंगला’ या शब्दाकडे पाहू. बंगालमधल्या उतरत्या छपराच्या साध्या घरावरून हा शब्द आला आणि कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांबरोबर देशभर पसरला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने जिल्ह्याचा कारभार हाती घेतला आणि धुळे हे मुख्य ठाणे केले. फिरिश्त्याच्या फारसी इतिहासाचे इंग्रजी भाषांतर करणारा ब्रिग्ज तो हाच. पुढे जिल्हाभर फिरतीवर असणाऱ्या साहेबलोकांसाठी डाकबंगले, ट्रॅव्हलर्स बंगले आणि वनखात्याची विश्रामगृहे उभी राहिली.

४/
या बंगल्यांच्या जागा पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. ते सहसा गावात नसतात. उंचवट्यावर, झाडीत, जमल्यास पाण्याजवळ आणि वस्तीपासून अंतर राखून ते बांधलेले असतात. खान्देशचा उन्हाळा, रोगराईची धास्ती आणि घोड्यांना लागणारे पाणी ही त्याची व्यावहारिक कारणे. पण राज्यकर्ता आणि रयत यांच्यातले अंतरही त्या निवडीत होते. आज जाहिरातीत ज्याला ‘एकांत’ म्हणतात, तो मुळात सत्तेने मुद्दाम राखलेला दुरावा होता. हे ध्यानात ठेवूनच पडवीतल्या आरामखुर्चीचे छायाचित्र पाहावे.

५/
हा दुरावा निरुपद्रवी नव्हता. १८२५ मध्ये जेम्स औट्रमच्या हाताखाली खान्देश भिल्ल पलटण उभी राहिली आणि तिचे ठाणे धरणगावी होते. भिल्लांना ‘वळणावर आणले’ असे त्या काळचे इंग्रज अधिकारी अभिमानाने सांगत. पण १८५७च्या उठावात खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखाली सातपुड्यातले भिल्ल उठले आणि ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीची लढाई झाली. साहेबाच्या बंगल्यावर हळवे होताना त्याच क्षितिजावरचा हा डोंगर नजरेआड करणे म्हणजे अर्धाच इतिहास वाचणे होय.

६/
आता मुख्य उदाहरण. धुळ्याच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गालगत लळिंगचा किल्ला आहे. चौदाव्या शतकात थाळनेर आणि लळिंग ही फारुकी घराण्याची आरंभीची ठाणी. पुढे त्यांनी असीरगड घेतला, बऱ्हाणपूर वसवले आणि सत्तेचे केंद्र तिकडे सरकले. याच लळिंगच्या कुरणात इंग्रजी अमदानीतला एक छोटा बंगला आहे. नाव ‘लांडोर बंगला’. लांडोर म्हणजे मोराची मादी. वास्तू म्हणून पाहिले तर त्यात थक्क होण्यासारखे काही नाही. असे बंगले सातपुड्यापासून सह्याद्रीपर्यंत कितीतरी असतील.

७/
तरीही दरवर्षी ३१ जुलैला, भर पावसाळ्यात, माणसे या बंगल्याकडे रीघ लावतात. कारण ३१ जुलै १९३७. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आले होते आणि लांडोर बंगल्यात त्यांचे वास्तव्य झाले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ इथे भीमस्मृती यात्रा भरते. एका वकिलाचा एक छोटा मुक्काम, आणि त्याची एवढी मोठी यात्रा? वरवर पाहणाऱ्याला हे कोडे वाटेल. ते सोडवण्यासाठी त्या मुक्कामाच्या मागची वीस वर्षे पाहावी लागतात.

८/
१९१७, बडोदे. परदेशात उच्च शिक्षण घेऊन आलेले आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना. अखेर पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना जागा सोडावी लागली. शहरात कोणी आसरा देईना, तेव्हा मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी सार्वजनिक बागेत काढले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसाला आपल्या देशात एक खोली मिळू नये! ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हे स्वतः लिहिले आहे.

९/
१९२९, चाळीसगाव. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून ते खान्देशात फिरत होते. चाळीसगावी स्थानिक अस्पृश्य बांधवांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवरचे टांगेवाले मात्र महाराला टांग्यातून न्यायला तयार नव्हते. शेवटी तोड निघाली : टांगा भाड्याने मिळेल, पण टांगेवाला हाकणार नाही. वस्तीतल्याच एकाने लगाम धरला. त्याला सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या उजव्या पायाचे हाड मोडले. डिसेंबर संपेपर्यंत ते अंथरुणाला खिळून होते.

१०/
१९३४, दौलताबाद. किल्ल्याबाहेरच्या काठोकाठ भरलेल्या छोट्या तळ्यात बाबासाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवासाची धूळ धुतली. तेवढ्यावरून ‘तळे बाटवले’ अशी ओरड झाली. आत जायची परवानगी मिळाली ती किल्ल्यातल्या पाण्याला हात न लावण्याच्या अटीवर, आणि सोबत शस्त्रधारी शिपाई देऊन. इथे जाहिरातीतला तो शब्द पुन्हा आठवा : ‘तळ्याकाठी’. एकाला पाणी हा देखावा असतो, दुसऱ्याला त्याच पाण्याच्या काठावर आपले माणूसपण सिद्ध करावे लागते. पाण्याकाठच्या वास्तूचा इतिहास सांगताना हा फरक गाळला, तर उरते ती केवळ सजावट.

११/
तळ्याचा विषय निघाला की महाड आलेच. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह ते पाणी ओंजळीत घेतले. मग तळ्याच्या मालकीचा आणि वहिवाटीचा दावा न्यायालयात गेला आणि तब्बल दहा वर्षे चालला.

१२/
त्या दाव्याचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची प्रथा अनादिकालीन असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, असे न्यायालयाने म्हटले. तारखा जुळवून पाहा. फेब्रुवारी १९३७ मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या, स्वतंत्र मजूर पक्षाने लक्षणीय यश मिळवले आणि बाबासाहेब विधिमंडळात पोहोचले. मार्चमध्ये महाडचा निकाल लागला. जुलैअखेर ते धुळ्याला आले. बडोद्यात ज्याला खोली मिळाली नव्हती आणि चाळीसगावात टांगेवाला, तो माणूस लळिंगच्या कुरणातल्या सरकारी बंगल्यात उतरला होता.

१३/
याचा अर्थ इंग्रजांचा बंगला समतेचे मंदिर होता, असा कोणी काढू नये. तो अधिकाऱ्यांसाठी होता. बाबासाहेबांसाठी त्याचे दार उघडले त्यामागे त्यांची विद्वत्ता, त्यांची वकिली आणि लोकांनी दिलेले प्रतिनिधित्व होते. सामान्य अस्पृश्य शेतमजुराला तिथे कोणी मुक्कामाला ठेवले नसते. पण सरकारी दार नियमाने उघडायचे आणि गावचे दार रूढीने मिटायचे, हा त्या काळाचा विरोधाभास या छोट्या इमारतीत दिसतो. नियम लिहिलेला असतो, म्हणून तो बदलता येतो. बाबासाहेबांनी पुढे आयुष्यभर नियम लिहिण्यावर भर का दिला, हे इथे उभे राहिले की समजू लागते.

१४/
आणखी एक गोष्ट महत्त्वाची. लांडोर बंगल्याला ऐतिहासिक ठरवले ते पायी, सायकलवर, एस.टी.ने येणाऱ्या माणसांनी. वास्तुशैली, बांधणीचे साल, ‘साहेब इथे राहायचे’ असली कौतुके त्यांना नको होती. त्यांनी एक दिवस निवडला आणि तो दरवर्षी पाळला. धुळे शहरात याच भेटीशी जोडलेला जुना ट्रॅव्हलर्स बंगलाही ‘संदेशभूमी’ या नावाने ओळखला जातो. जतनाच्या शास्त्रात या कृतीला नाव नसेल, पण वास्तू टिकते ती अशाच कृतीवर. ज्या घराकडे कोणी जात नाही, त्याला चुन्याचा गिलावा फार काळ तारू शकत नाही.

१५/
आता विक्रीकडे वळू. याच बाबासाहेबांचे एक घर खरोखरच बाजारात आले होते. लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना, १९२१-२२ मध्ये ते तिथे राहत. महाराष्ट्र शासनाने ते घर २०१५ मध्ये सुमारे ३० लाख पौंडांना विकत घेतले आणि नोव्हेंबरमध्ये स्मारक म्हणून त्याचे उद्घाटन झाले. पुढे कॅम्डेनच्या स्थानिक कौन्सिलने निवासी घराचे संग्रहालय करण्यास परवानगी नाकारली. जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली.

१६/
ही खरेदी योग्यच होती, असे माझे मत आहे. पण तिच्यामुळे एक प्रश्न उभा राहतो. जे घर परदेशी आणि महाग, त्याची स्मृती आपल्याला चटकन मोलाची वाटते. चाळीसगावच्या ज्या पुलावर त्यांचा पाय मोडला, लळिंगच्या ज्या बंगल्यात ते थांबले, त्या जागांना बाजारभाव नाही. म्हणून त्यांच्यासाठी घाईही नाही. विक्रीचा फलक लागल्यावर जागे होणारे इतिहासप्रेम फार उशिरा जागे होते. किंमत ठरण्याच्या आधी मोल ठरले पाहिजे.

१७/
घर कसे राखावे, याची उदाहरणे खान्देशातच आहेत. चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळ कलामहर्षी केकी मूस यांचा बंगला आहे. या छायाचित्रकाराने आयुष्याची जवळजवळ पाच दशके त्याच घरात स्वतःला कोंडून घेतले आणि १९८९ मध्ये तिथेच देह ठेवला. आज ते घर त्यांच्या कलेचे संग्रहालय आहे. जळगावच्या चौधरी वाड्यात बहिणाबाईंच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. दोन्ही ठिकाणी घर आणि माणूस वेगळे काढता येत नाहीत. मूस यांचा संग्रह दुसऱ्या शहरातल्या चकचकीत दालनात नेला, तर छायाचित्रे उरतील, पण तो एकांत उरणार नाही.

१८/
‘पण पैसा कुठून आणायचा?’ हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला भावनेने उत्तर देऊ नये. शार्लट तलावाच्या माथेरानमध्ये ‘बार हाउस’ हा एकोणिसाव्या शतकातला बंगला नीमराणा समूहाने पाहुण्यांच्या निवासासाठी वापरात आणला. व्यवसायामुळे जुनी वास्तू उभी राहू शकते, हे अशा प्रयोगांतून दिसते. रिकामे घर वाळवीचे होते. तेव्हा खाजगी पैशाला सरसकट खलनायक ठरवणे हा आळशी युक्तिवाद आहे. प्रश्न पैसा कोणाचा हा नसून अटी कोणाच्या, हा आहे.

१९/
अटी घालता येतात का? इंग्लंडमध्ये बालसाहित्यकार बिअट्रिक्स पॉटर हिने १९०५ मध्ये सरोवरांच्या प्रदेशातले ‘हिल टॉप’ हे शेतघर घेतले आणि १९४३ मध्ये निधनानंतर ते नॅशनल ट्रस्टला दिले. याच ट्रस्टला १९३७च्या कायद्याने आणखी एक साधन मिळाले होते : मालकी खाजगी राहू द्यायची, पण वास्तूचे स्वरूप न बदलण्याचा करार जागेला कायमचा चिकटवायचा. मालक बदलला तरी करार सुटत नाही. आपल्या पुरातत्त्व कायद्यांचा भर घोषित स्मारकांवर आहे. जे घर राष्ट्रीय स्मारक होण्याइतके मोठे नाही आणि विसरण्याइतके लहानही नाही, त्याच्यासाठी अशा मधल्या वाटेची आपल्याला गरज आहे.

२०/
खान्देशापुरत्या तीन अटी मी सुचवतो. पहिली : विक्री, भाडेपट्टा किंवा दुरुस्तीआधी वास्तूचे टिपण तयार व्हावे. त्यात नकाशा, मालकीचे कागद, गॅझेटियरमधील उल्लेख, अभ्यागतांची नोंदवही आणि आसपासच्या वृद्धांच्या तोंडी आठवणी असाव्यात. दुसरी : वर्षातून काही दिवस वास्तू विनामूल्य खुली असावी आणि जिथे यात्रा किंवा स्मृतिदिन पाळला जातो तिथे तो दिवस कोणत्याही मालकाने रोखू नये. तिसरी : तळ्याकाठची वास्तू असेल तर काठावर जाण्याची जुनी वाट मोकळी राहावी. पद्मालय, मेहरूण, नकाणे किंवा तोरणमाळचा यशवंत तलाव. पाणी कोणाच्याही खिडकीचा खाजगी देखावा होता कामा नये.

२१/
शेवटचा मुद्दा ‘जीर्णोद्धार’ या शब्दाचा. जीर्णाचा उद्धार म्हणजे जुन्याला वर उचलणे, त्याला नवे करणे नव्हे. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला तर आतला ओलावा कोंडतो आणि भिंत आतून खचत जाते. वरून मात्र ती नवीकोरी दिसते. स्मृतीचेही तसेच होते. अडचणीचे प्रसंग पुसून, फक्त आरामखुर्ची आणि मोराचे चित्र ठेवून सांगितलेला इतिहास बाहेरून गुळगुळीत दिसतो आणि आतून पोकळ होतो. बडोद्याची काठी आणि चाळीसगावचा टांगा सांगितल्याशिवाय लांडोर बंगल्याचा ‘जीर्णोद्धार’ पूर्ण होणार नाही.

२२/
मित्रहो, जळगाव-धुळ्यात तुमच्या तालुक्यालाही एखादे जुने विश्रामगृह, गढी, वाडा किंवा कालव्याच्या चौकीदाराचे घर असेल. येत्या सुट्टीत तिथे जा. मोजमाप घ्या, परवानगीने छायाचित्रे काढा, आणि मुख्य म्हणजे जवळच्या वस्तीत विचारा : इथे कोण राहत असे, कोणाला आत घेत, कोणाला अंगणातच थांबवत, पाणी कुठून भरत? उत्तरे आपापल्या वहीत तारीख घालून उतरवा. उद्या त्या घरावर ‘विकणे आहे’ असा फलक लागला, तर खरेदीदाराला दाखवायला मालकाकडे खरेदीखत असेल. गावाकडे तुमची वही असली पाहिजे.

#खान्देश #इतिहास #लळिंग #वारसा